करुण की विप्रलंभ? : व्याधिग्रस्त तारुण्याच्या प्रेमकथेविषयी

संस्कृत काव्यशास्त्राने मानलेल्या दहा कामदशांत ‘व्याधी’ ही एक दशा आहे. तिच्यापुढे जडता आणि मरण. या व्यवस्थेत आजार हा प्रेमाचा परिणाम असतो. प्रेम आधी, ताप नंतर आणि औषध एकच : मीलन. ज्ञानदेवांच्या विराण्यांपासून लावणीतल्या विरहिणीपर्यंत हा संकेत मराठीत टिकला. संस्कृत विद्या आणि तमाशाचा फड या दोहोंत वावरलेले रामजोशी सोलापूरचे होते, हे या संदर्भात लक्षणीय ठरते.

आधुनिक कथनात हा क्रम उलटतो. आजार खरा, शारीरिक होतो आणि प्रेमाच्या आड येतो. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ (१९६२) या कादंबरीतील माधवराव-रमाबाईंची कथा हे त्याचे ठळक उदाहरण. १७७२ मध्ये थेऊर येथे सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने झालेला मृत्यू कथेच्या शेवटी अटळपणे उभा असतो. सुसान सोन्टॅग यांनी १९७८ मध्ये युरोपीय साहित्यातील क्षयाभोवतीच्या मोहक वलयाची चिकित्सा केली. येथे मात्र त्या वलयाची जागा सेवा, त्याग आणि पातिव्रत्य घेतात. कसोटी लागते ती निरोगी व्यक्तीच्या निष्ठेची. रुग्णाच्या इच्छेला स्वतंत्र स्थान उरत नाही.

दोघेही रुग्ण असतील तर? सोलापूर जिल्ह्यातील पंढरपुरात मंगलताई शहा यांनी २००१ मध्ये ‘पालवी’ हा एचआयव्हीबाधित बालकांचा प्रकल्प सुरू केला. जन्मतः बाधित मुले मोठी होतील, अशी खात्री तेव्हा कोणाला देता येत नव्हती. एप्रिल २००४ पासून शासकीय रुग्णालयांतून विषाणुरोधक औषधे मोफत मिळू लागली आणि देशभरातील अशा मुलांच्या आयुष्यात एक अनपेक्षित अवस्था आली : पौगंडावस्था. तिच्याबरोबर आवडनिवड आली, लाजणे आले, उद्याचा विचार आला. येथे सेवक आणि सेव्य अशी विभागणी लागू पडत नाही. आजार ही दोघांची समाईक भूमी असते. गोळ्यांची वेळ दोघांचीही तीच.

समाजाची भाषा मात्र मागे राहिली. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाधित व्यक्तीचा विवाहाचा हक्क निलंबित असल्याचे म्हटले. ते विवेचन अनावश्यक होते, असे २००२ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले. २०१७ च्या कायद्याने भेदभावास मनाई केली आणि बाधित कुटुंबाचा कारभार पाहणाऱ्या, पुरेशी समज असलेल्या बारा वर्षांवरील मुलाला धाकट्या भावंडाचा पालक म्हणून मान्यता दिली. पालकत्वाची जबाबदारी पेलणाऱ्या या मुलाच्या प्रेमभावनेकडे पाहण्याची दृष्टी साहित्याने तरी घडविली आहे काय?

सेवाकार्याच्या वृत्तांतात ही मुले बहुधा करुणेचे विषय म्हणून येतात. येथे भरताचा एक भेद उपयोगी पडतो. करुण निरपेक्ष असतो, कारण त्यात पुनर्भेटीची आशा संपलेली असते. विप्रलंभ सापेक्ष असतो, कारण ती आशा शिल्लक असते. औषधाने या तरुणांना आयुष्याची वर्षे दिली, म्हणजेच अपेक्षा बाळगण्याचा अधिकार दिला. तरीही त्यांची कथा करुणातच लिहिली गेली, तर ती केवळ रसनिश्चितीची चूक ठरणार नाही. जगणाऱ्यांचा भविष्यकाळ आपण दुसऱ्यांदा हिरावून घेतला, असा तिचा अर्थ होईल.