गोणपाट, फळा आणि पंगत

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी, ५ एप्रिल १९६८ रोजी, अमेरिकेतल्या रायसव्हिल गावच्या जेन इलियट या शिक्षिकेने भेदभाव काय असतो ते कळावं म्हणून तिसरीच्या मुलांची डोळ्यांच्या रंगावरून वाटणी केली. एक गट श्रेष्ठ, दुसरा कमी. पुढे पारडं फिरवलं. कालचे सवंगडी बघता बघता एकमेकांना हिणवू लागले.

आपल्याकडे असा खेळ कुणाला रचावा लागला नाही. शाळेची बैठकच तो धडा रोज द्यायची. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. पुढे मुंबईत, एल्फिन्स्टन हायस्कुलात, मास्तरांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं आणि वर्गात एकच गलका उडाला. मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे होते. भीमराव पोचायच्या आत पोरांनी धावत जाऊन ते हलवले. गणित सुटलं असेल. वर्ग मात्र भलतंच शिकला.

त्याच्या कितीतरी आधी पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या किशोरवयीन मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. ‘ज्ञानोदय’ नियतकालिकाने तो १८५५ मध्ये छापला. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, हा तिचा रोकडा सवाल. भेदभाव म्हणजे काय हे शिकवणारा याहून चांगला स्वाध्याय शोधून सापडणार नाही, कारण इथे सोंग कुणालाच घ्यावं लागलं नव्हतं.

पण नुसत्या निबंधाने बैठक बदलत नाही. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये करवीर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद केल्या आणि मुलांना सर्वांच्या शाळेत बसवलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथे सगळ्या जातींची पोरं एकत्र राहत, एका पंगतीला जेवत. इलियटबाईंच्या खेळापेक्षा ही रोजची पंगत जास्त शिकवून गेली असणार. सोलापुरातही १९२५ मध्ये आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने दलित विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडलं.

त्याच सोलापूरलगतच्या कुंभारीत आज कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगार महिलांची मोठी वसाहत उभी आहे. सोलापूरच्या विडी कामगारांत तेलुगूभाषक पद्मशाली आहेत, मुसलमान आहेत, दलितही आहेत. त्यांची लेकरं ज्या वर्गांत बसतात, तिथल्या गुरुजींना आणि बाईंना डोळ्यांचे रंग तपासायची गरज नाही. बाकांवरच्या जोड्या दर आठवड्याला बदला, पोषण आहाराच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसतं ते पाहा, आणि एकदा तरी मुक्ताचा निबंध वर्गात मोठ्याने वाचून घ्या.