आर्स गांवचा धडा

धर्मग्रामाचा ज्युबिली महोत्सव म्हणजे मागील पिढ्यांच्या विश्वासाचें कृतज्ञ स्मरण होय. परंतु स्मरणाबरोबर आत्मपरीक्षणहि घडलें पाहिजे. काळ वाईट आला, धर्म मावळत चालला, ही तक्रार आम्ही नित्य ऐकतों; आणि खरें सांगावयाचें तर व्यासपीठावरून ती आम्हीहि पुष्कळदां केली आहे. म्हणून या प्रसंगीं फ्रान्स देशांतील आर्स नामक एका लहानशा गांवाचा इतिहास वाचकांपुढें ठेवीत आहों.

इ. स. १७८९ मध्यें फ्रान्सांत राज्यक्रांति झाली. ख्रिस्तसभेला राज्याची अंकित करणाऱ्या नव्या कायद्यास शपथपूर्वक मान्यता देण्याची धर्मगुरूंवर सक्ती झाली. ज्यांनीं ती नाकारली त्यांपैकीं कित्येक देशोधडीस लागले, कित्येकांचा शिरच्छेद झाला. १७९३ त दहा दिवसांचा आठवडा करून रविवार नाहींसा करण्याचाहि प्रयत्न झाला. अशा दिवसांत लियों शहराजवळील दार्दिली गांवीं, १७८६ सालीं जन्मलेला जॉन मेरी व्हियान्नी हा शेतकऱ्याचा मुलगा वाढत होता. त्याचे आईबाप मुलांना घेऊन गुप्तपणें पवित्र मिस्सेला जात. १७९९ त त्यास प्रथम ख्रिस्तशरीर मिळालें तें एका घरांत, खिडक्या बंद करून. आंतील उजेड कोणास दिसूं नये म्हणून बाहेर गवताच्या गाड्या उभ्या केल्या होत्या. छळानें त्या घराचा विश्वास विझला नाहीं.

१८०१ त पोप सातवे पायस व नेपोलियन यांच्यामध्यें करार झाला आणि मंदिरें पुन्हां उघडलीं. छळ संपला, तथापि अनेक गांवांतून श्रद्धा परतली नाहीं. १८१८ त फादर व्हियान्नी आर्स येथें आले तेव्हां गांवची वस्ती अडीचशेंहूनहि कमी होती. हे लोक धर्माचे वैरी नव्हते. केवळ बेफिकीर झाले होते. रविवारीं शेतांत काम चाले, संध्याकाळीं गुत्ते व नाच रंगत, आणि धर्मज्ञान तर फारच थोडें उरलें होतें. जें शस्त्रास साधलें नाहीं तें संवयीनें साधलें होतें.

नव्या धर्मगुरूंपाशीं विद्वत्ता नव्हती. लॅटिन भाषेनें त्यांस सेमिनरींत अगदीं जेरीस आणलें होतें. परंतु पहाटेपूर्वीं उठून ते वेदीपुढें तासन्‌तास गुडघे टेकीत, उकडलेल्या बटाट्यांवर राहत, आणि लोकांच्या पापांचें प्रायश्चित्त स्वतः करीत. घरोघर जाऊन शेतीभातीची विचारपूस करीत. आरंभीं त्यांचीं प्रवचनें फार कठोर असत. पुढें त्यांची वाणी मृदु होत गेली. १८२४ त त्यांनीं मुलींची मोफत शाळा उघडून ती गांवांतीलच दोन तरुणींच्या हातीं सोपविली; तेथें पुढें अनाथ मुलींस आसरा मिळाला. हळूहळू गुत्ते बंद पडले, रविवार पाळला जाऊं लागला. परगांवचे लोक तर इतके लोटूं लागले कीं, पापनिवेदन ऐकण्यांत त्यांचे दिवसाचे बारा तासांहून अधिक जात. थकून एकान्तवासासाठीं त्यांनीं गांव सोडण्याचा यत्न केला, तेव्हां १८५३ त लोकांनींच वाट अडवून त्यांस परत आणलें. ४१ वर्षांच्या सेवेनंतर ४ ऑगस्ट १८५९ रोजीं ते प्रभूच्या घरीं गेले. पोप अकरावे पायस यांनीं १९२५ त त्यांस संतपद दिलें, व १९२९ त धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते म्हणून घोषित केलें.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, आपल्या मंदिरावर आज कोणाचा पहारा नाहीं. दारें उघडीं आहेत. सणाच्या दिवशीं पाय ठेवावयास जागा नसते. पण साध्या रविवारीं पुढचीं बांकें रिकामीं असतात, आणि कित्येक घरांतून संध्याकाळच्या रोझरीचा आवाज थांबला आहे. याचा दोष काळाच्या माथीं मारून स्वस्थ बसतां येणार नाहीं. दार्दिलीच्या शेतकऱ्यानें घरांत दिवा राखला नसता तर आर्सला संत मिळाला नसता. आणि आर्सच्या धर्मगुरूंनीं प्रथम स्वतः गुडघे टेकले नसते तर गांवानेंहि टेकले नसते. पहिलें काम तुमचें, दुसरें आमचें. या ज्युबिलीच्या दिवशीं आम्ही आपलें काम नव्यानें पत्करतों. तुम्हीहि आपलें पत्करावें, इतकीच प्रभुचरणीं प्रार्थना.