वेष्टनावरचा आकडा

नांदेडमधील एका महाविद्यालयाच्या संगणक-खरेदी समितीवर काही वर्षांपूर्वी आमची नेमणूक झाली. मराठीच्या अध्यापकाचे अशा समितीवर काय काम, हा प्रश्न विचारायचा नसतो. प्रयोगशाळेत वीस नवे संगणक आले होते. मागणीपत्रात 'डीडीआर४ रॅम, ३२०० मेगाहर्ट्झ' असे आम्हीच लिहिले होते, वेष्टनावरही तोच आकडा छापलेला होता. पडद्यावर मात्र २१३३ दिसत होते. एका उत्साही विद्यार्थ्याने दुसरे सॉफ्टवेअर उघडून दाखवले, तर त्यात १०६६! म्हणजे सरळसरळ तिसरा हिस्सा. आम्ही जडसंग्रह नोंदवहीत 'माल मागणीनुसार नाही' असा शेरा मारला आणि पुरवठादाराचे बिल अडकले.

शेरा चुकीचा होता. तो का चुकला हे उमगण्यासाठी आम्हांस रॅमच्या वेगाचा इतिहास धुंडाळावा लागला, आणि हा इतिहास बराचसा शब्दांचाच निघाला.

१९९८ च्या सुमारास जी रॅम बाजारात आली तिचे नाव होते पीसी-१००. यातला शंभर हा आकडा अभिधेचा होता. घड्याळाचे सेकंदाला दहा कोटी ठोके आणि दर ठोक्याला एक देवाणघेवाण, एवढाच त्याचा अर्थ. त्याच सुमारास रॅमच्या स्टिकवर एक चिमुकली चिप बसवण्याची रीत रूढ झाली. आपला वेग किती, कोणत्या कामाला किती ठोके थांबावे लागेल, हे ती चिप संगणक सुरू होताच मदरबोर्डला सांगते. स्टिकची जन्मपत्रिकाच म्हणा ना.

२००० साली 'जेडेक' या मानके ठरवणाऱ्या संस्थेने डीडीआर रॅमचे मानक प्रसिद्ध केले, आणि आकड्याचा अर्थ निसटायला प्रारंभ झाला. एका ठोक्यात दोनदा देवाणघेवाण करण्याची युक्ती साधल्यामुळे शंभर ठोक्यांची चिप डीडीआर-२०० झाली. तीच चिप बसवलेली स्टिक मात्र पीसी-१६०० या नावाने विकली जाऊ लागली. कारण तिच्यातून सेकंदाला १६०० मेगाबाइट वाहू शकत होते. एका वस्तूचे तीन आकडे, आणि तिन्ही खरे! आमच्या विद्यार्थ्याला दिसलेले १०६६ हे ठोके होते, २१३३ ही देवाणघेवाण होती. म्हणजे दोन्ही सॉफ्टवेअरे एकच गोष्ट सांगत होती. '३२०० मेगाहर्ट्झ' हे मात्र काटेकोरपणे पाहिले तर कोठेच अस्तित्वात नव्हते. वेष्टनाने एककात घोटाळा केला आणि आम्ही तो मागणीपत्रात उतरवून घेतला. अलंकार शिकवणाऱ्या माणसाला हे शोभले नाही.

तरीही २१३३ आणि ३२०० यांतले अंतर उरतेच. त्याचे मूळ २००७ मध्ये आहे. निवडक चिपांना थोडा अधिक विद्युतदाब दिला तर त्या मानकापेक्षा पुढे धावतात, हे हौशी मंडळींना आधीच ठाऊक होते. इंटेलने डीडीआर३ च्या काळात त्या जन्मपत्रिकेला आणखी एक पान जोडले आणि त्याला 'एक्सएमपी' हे नाव दिले. एएमडीनेही २०२२ मध्ये डीडीआर५ साठी आपले वेगळे पान आणले. पहिल्या पानावर हमी असते, दुसऱ्यावर शक्यता. मदरबोर्ड सावध स्वभावाचा असल्याने पहिलेच पान वाचतो. दुसरे कोणीतरी उघडून द्यावे लागते. वेष्टनावर मात्र आकडा दुसऱ्या पानावरचा छापतात.

पुरवठादाराचा मुलगा आला. संगणक सुरू होताना डिलीटची कळ दाबायची, बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करायचे, सेव्ह करायचे. दर संगणकामागे मिनिटभराचे काम. एकोणीस संगणक ३२०० वर धावू लागले. विसावा आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होई. त्याला २९३३ वर आणल्यावर तो निवला. आम्ही मे महिन्याच्या उन्हाला दोष दिला, मुलाने तो नम्रपणे नाकारला. प्रोसेसरमधला मेमरी-नियंत्रक प्रत्येक वेळी सारखाच कसदार निघत नाही, असे तो म्हणाला.

पुढे तशाच दोन स्टिक आम्ही लातूरच्या एका स्नेह्यांना दिल्या. त्यांच्याकडे दहाव्या पिढीचा आय-५ आणि बी४६० बोर्ड. तेथे एक्सएमपी चालू करूनही गाडी २६६६ च्या पुढे जाईना. त्या बोर्डावर प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपलीकडे जाण्याची सोयच नव्हती. इंटेलने २०२१ च्या बी५६० मध्ये ती मोकळीक दिली. "लातूरला आले की सगळेच सावकाश चालते," स्नेही म्हणाले. त्यांच्या मनात बार्शी लाइट रेल्वे असणार. अडीच फुटी रुळांची ही गाडी १९११ मध्ये लातूरला पोहोचली आणि २००७-०८ मधील रुंदीकरणापर्यंत तिची आठवण सांगणारे प्रवासी होते. पण तिचा अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने एक गोष्ट चोख केली होती. इंजिन असो की वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, हे त्याने ठरवून टाकले. हलक्या रुळांना काय सोसेल ते आधी, मग त्यावरची वाहने. रॅमच्या व्यापाऱ्यांनी याच्या उलट केले. रूळ कसा आहे हे न पाहता इंजिनाचा वेग तिकिटावर छापला.

अमेरिकेतील ग्राहक यावरून न्यायालयात गेले. २१३३ हून अधिक वेग सांगून विकलेली डीडीआर४ रॅमही त्या वादात होती. जी.स्किल या कंपनीने चूक मान्य न करता २४ लाख डॉलरची तडजोड केल्याचे २०२६ च्या आरंभी समोर आले. यापुढे वेष्टनावर आकड्याआधी 'अप टू' लिहायचे, असेही तीत ठरले. आपल्याकडे त्याचे 'पर्यंत' होईल. मराठीत 'नांदेडपर्यंत'चे तिकीट काढणाऱ्याला पूर्णेला उतरवले तर तो भांडेल. जाहिरातीतल्या 'पर्यंत'मध्ये मात्र पूर्णाही बसते, परभणीही बसते.

असो. आमच्या शेऱ्यापायी त्या पुरवठादाराचे अडीच महिने गेले आणि उधारीवर उचललेल्या मालाचे व्याज त्याला भरावे लागले. शेवटी आम्ही जुन्या शेऱ्याखाली 'सेटिंग बदलल्यावर १९ संगणक ३२००, एक २९३३' असे लिहून सही केली. लेखा विभागाने त्या एका संगणकाबद्दल लेखी खुलासा मागितला. मागणीपत्रात 'पर्यंत' हा शब्द नव्हता.