रक्ताच्या नात्यापलीकडचे घर : आनंदवनाची गोष्ट

🧵 धागा

१/
कायद्याने एखाद्या माणसाचे घर हिरावून घेता येते का? भारतात ते शक्य होते. 1898 च्या ‘लेपर्स अ‍ॅक्ट’नुसार उपजीविकेचे साधन नसलेल्या किंवा भीक मागणाऱ्या कुष्ठरुग्णाला पोलीस वॉरंटाविना अटक करू शकत. कायदा लागू असलेल्या भागात त्याला खाद्यपदार्थ विकण्यास, सार्वजनिक विहिरीचे पाणी घेण्यास, भाड्याच्या गाडीत बसण्यास मनाई करता येई. हा कायदा रद्द झाला 2016 मध्ये.

२/
स्वातंत्र्यानंतरही उंबरठा बंदच राहिला. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा असाध्य स्वरूपाचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. ते वगळण्यासाठी 2019 उजाडावे लागले. वास्तविक या रोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी 1873 मध्येच शोधला होता आणि विसाव्या शतकाच्या मध्यास सल्फोन औषधेही आली होती. रोग बरा होऊ लागला; घरी परतण्याची वाट मात्र खुली झाली नाही.

३/
बऱ्या झालेल्या माणसाने जायचे कुठे? या प्रश्नाचे एक मोठे उत्तर चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ उभे राहिले. ते उभारणारे मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म 26 डिसेंबर 1914 रोजी हिंगणघाटच्या जमीनदार कुटुंबात झाला. शिक्षणाने ते वकील. ‘बाबा’ हे त्यांचे घरातील लाडाचे नाव होते. पुढे हजारो निराधारांनी त्याच नावाने त्यांना हाक मारली.

४/
आनंदवनाआधी वरोऱ्यात आमट्यांनी एक प्रयोग केला होता : ‘श्रमाश्रम’. वेगवेगळ्या जातींची माणसे एकत्र राहत, कमाई एका ठिकाणी जमा करीत, एकाच चुलीवरचे जेवत. त्या काळात हे धाडसच होते. नवविवाहित इंदू घुले, म्हणजे पुढच्या साधनाताई, 1946 मध्ये सासरी आल्या त्या अशाच संसारात. श्रमाश्रम फार काळ टिकला नाही. परंतु रक्ताचे नाते नसलेल्यांचा संसार कसा चालतो, याचा पहिला धडा दोघांना तेथे मिळाला.

५/
त्याच सुमारास वरोऱ्यात भर पावसात तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी आमट्यांना दिसला. रोगाने त्याचे शरीर पार झडले होते. ते भयाने घरी पळाले. पण त्या भयाची लाज त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परत गेले, त्याच्यावर आडोसा उभारला आणि अखेरच्या श्वासापर्यंत त्याची शुश्रूषा केली. जिथे भय आहे तिथे प्रेम राहू शकत नाही, हे त्यांनी तेव्हा ओळखले. 1949 मध्ये कोलकात्याच्या ‘स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन’मध्ये जाऊन त्यांनी कुष्ठरोगावरील उपचारांचे शिक्षण घेतले.

६/
शासनाने दिलेली जमीन खडकाळ होती, झुडपांनी भरलेली, विंचू-सापांनी बुजबुजलेली. सोबत साधनाताई, विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुले, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात 14 रुपये. 21 जून 1951 रोजी विनोबा भावे यांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. रुग्णांच्या वस्तीत आपली लेकरे वाढवणे हीच त्या दांपत्याची सर्वांत मोठी ग्वाही होती. बोललेल्या आश्वासनापेक्षा ती अधिक पटणारी होती.

७/
पहिले मोठे काम विहिरीचे. बोटे झडलेल्या हातांनी माणसांनी कातळ फोडला आणि पाणी लागले. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर जागा नव्हती, त्यांची स्वतःची विहीर झाली. मग शेती आली, भाजीपाला आला, दूध आले. दान घेणारा माणूस कायम पाहुणाच राहतो. जो घरात काही आणतो तो घरचा होतो. आनंदवनाची सारी उभारणी या साध्या विचारावर झाली.

८/
पण माल विकायचा कुणाला? ‘महारोग्यांची’ भाजी वरोऱ्यात कोणी घेईना. अशा वेळी ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संस्थेचे निरनिराळ्या देशांतील तरुण स्वयंसेवक तेथे आले. त्यांनी रुग्णांबरोबर राहून इमारती बांधल्या आणि तिथलेच अन्न खाल्ले. ते पाहून गावकऱ्यांची भीती हळूहळू ओसरली आणि आनंदवनाचा माल बाजारात खपू लागला.

९/
येथे एक कठीण प्रश्न उरतो. गावाबाहेर प्रेमाने वसवलेली वस्तीही शेवटी गावाबाहेरचीच, नाही का? हा आक्षेप पोकळ नाही. त्याचे उत्तर 1964 मध्ये मिळाले. कुष्ठमुक्तांच्या श्रमातून ‘आनंद निकेतन’ महाविद्यालय उभे राहिले आणि परिसरातील निरोगी घरांची मुले तेथे शिकायला येऊ लागली. ज्यांना समाजाने हाकलले होते, त्यांनीच समाजासाठी दार उघडले. पुढे अंध आणि अपंगांसाठीही त्याच आवारात शिक्षणाची सोय झाली.

१०/
कुटुंब म्हटले की लग्नकार्य आले, लेकरे आली, म्हातारपण आले. आनंदवनात कुष्ठमुक्तांचे विवाह लागले. कायदा ज्या कारणासाठी संसार मोडायला परवानगी देत होता, त्याच कारणाने एकत्र आलेल्यांचे संसार तेथे मांडले गेले. अनाथ मुलांना आसरा मिळाला. डोळस माणूस दृष्टिहीनाला वाट दाखवी, धडधाकट हातांचा माणूस हात गमावलेल्याला भरवी. नाती जन्माने मिळाली नव्हती. रोजच्या गरजेतून ती जुळत गेली.

११/
श्रमाला एवढे मोल देणाऱ्या घरात हात थकलेल्यांचे स्थान कोणते? पहिली पिढी वृद्ध झाली तेव्हा हा प्रश्न समोर उभा राहिला. बहुतेकांना परतायला गाव उरले नव्हते. त्यांच्यासाठी ‘स्नेहसावली’, तर बाहेरून आलेल्या ज्येष्ठांसाठी ‘उत्तरायण’ ही निवासस्थाने झाली. ती त्याच वस्तीत आहेत. शेते, शाळा आणि माणसांची वर्दळ सभोवती आहे. ज्यांनी विहिरी खोदल्या, त्यांना म्हातारपणी ते पाणी सोडून दुसरीकडे जावे लागले नाही.

१२/
1985 मध्ये बाबांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 9 फेब्रुवारी 2008 रोजी ते गेले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्यावर अग्निसंस्कार न करता आनंदवनाच्याच मातीत त्यांना विसावा देण्यात आला. 2011 मध्ये साधनाताईही गेल्या. ‘समिधा’ हे त्यांचे आत्मकथन वाचले की या मोठ्या संसाराची दुसरी बाजू दिसते : स्वयंपाक, आजारपणे, पाहुणे आणि न संपणारी कामे. घर उभे करण्यातला हा वाटा इतिहासात सहसा नोंदला जात नाही.

१३/
आता हा प्रश्न कुष्ठरोगापुरता उरलेला नाही. कामथडीसारख्या भोर-वेल्ह्याच्या गावांतूनही तरुण मंडळी कामधंद्यासाठी पुण्या-मुंबईस जातात आणि मागे वडीलधारे राहतात. उद्या त्यांच्यासाठी निवास उभारताना खोल्या, खाटा, परिचारिका यांचा हिशेब होईलच. आनंदवनाचा इतिहास आणखी एक गोष्ट विचारायला सांगतो : इथे राहणाऱ्या माणसावाचून कुणाचे काही अडणार आहे का? ज्या घरात त्याचे उत्तर ‘हो’ असते, त्या घरात माणूस आश्रित राहत नाही.