पोर्टिको, पडवी आणि आपला पोर्च

आपल्या १९९५च्या दहावीच्या ग्रुपवर ‘पोर्चमध्येच भेटू’ असा मेसेज आला आणि मी त्या शब्दातच अडकले. नोकरीत इतकी वर्षं ‘पोर्टल’ बनवतेय. ते पोर्टल, आपला पोर्च आणि वास्तुशास्त्रातला पोर्टिको ही तिन्ही लॅटिन ‘पोर्ता’ची, म्हणजे दाराची, नातवंडं!

पोर्टिको म्हणजे दारापुढचं खांबांवरचं छप्पर. मुंबईत पाहायचा तर १८३३च्या टाउन हॉलचा पाहावा. त्याचे डोरिक खांब इंग्लंडहून आणले होते. पण इंग्रजांच्या कितीतरी आधी, शके ९८२मध्ये (इ.स. १०६०), आपल्या जवळच्या अंबरनाथच्या शिवमंदिराला तीन बाजूंनी खांबांचे अर्धमंडप होतेच.

अथेन्समध्ये झेनो अशाच एका खांबओळीत, ‘स्टोआ’त, शिकवायचा. म्हणून त्याचे शिष्य स्टोइक. अरबीत पोर्टिकोला ‘रिवाक’ म्हणतात, तर तिथे हेच तत्त्वज्ञ ‘रिवाकवाले’ झाले. थोडक्यात, पोर्चमधली माणसं. (पावसाळ्यात आपणही पोर्चमध्येच जास्त शिकलो, पण आपल्याला असं नाव कोणी दिलं नाही.)

मराठीत या जागेला ओटा, ओसरी, पडवी, वाड्याला देवडी. देवडीवर पहारेकरी बसायचे, ओसरीवर आलागेला. ओसरी दिली की हातपाय पसरतात, असं आपली म्हणच बजावते. म्हणजे जागा बसायला द्यायची, पण आत येऊ द्यायचं नाही.

निजामपुऱ्यात माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं घर यंत्रमागाच्या शेडमागे होतं. तिथे मी थेट स्वयंपाकघरात शिरायचे. तिची अम्मी गरम रोटी हातावर ठेवायची. ती आमच्याकडे आली की आजी पडवीत चटई टाकायची. पाणी, लाडू सगळं तिथेच. ‘इथे वारा छान लागतो,’ म्हणायची. आजी प्रेमळच होती. पण पाच वर्षांत माझ्या मैत्रिणीने आमचा उंबरा ओलांडला नाही, आणि मीही तिला कधी ‘आत ये’ म्हटलं नाही. शाळेच्या पोर्चमध्ये मात्र आम्ही एकाच पायरीवर बसून एकाच डब्यात जेवायचो.

ते घर पडवीसकट पाडलं गेलं. आता मी कल्याणला फ्लॅटमध्ये राहते. दार उघडलं की थेट हॉल. मध्ये काहीच नाही.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी तिला घरी जेवायला बोलावलंय.

‘किती वाजता येऊ?’ एवढंच तिने विचारलं.