विरोधनियामक छानक
विरोधनियामक छानक : कृष्णधवल छायाचित्राचे अंधारखोलीत मुद्रण करताना काळ्यापांढऱ्या छटांतील विरोध, म्हणजे कॉन्ट्रास्ट, कमीजास्त करण्यासाठी प्रवर्धकात वापरावयाचे रंगीत छानक किंवा फिल्टर. पूर्वी याकरिता निरनिराळ्या श्रेणींचे कागद बाळगावे लागत. फिकट निगेटिव्हला कठीण, तर प्रखर निगेटिव्हला मऊ श्रेणीचा कागद निवडीत. १९४० मध्ये इंग्लंडमधील इलफर्ड कंपनीने फ्रँक फॉर्स्टर रेन्विक यांच्या संशोधनावर आधारलेला ‘मल्टिग्रेड’ कागद विक्रीस आणला आणि एकाच कागदावर सर्व श्रेणी मिळू लागल्या.

या कागदावरील पायसाचे सर्व घटक निळ्या प्रकाशास सारखेच संवेदनशील असतात. हिरव्या प्रकाशाची त्यांची संवेदनशीलता मात्र भिन्न असते. पिवळा छानक निळा प्रकाश अडवितो, त्यामुळे घटक क्रमाक्रमाने काळे पडून छटा मऊ उतरतात. किरमिजी छानक हिरवा प्रकाश अडवितो; मग सर्व घटक जवळजवळ एकदमच काळे पडतात व विरोध तीव्र होतो. इलफर्डच्या संचात ०० ते ५ अशा श्रेणींचे अर्ध्या अर्ध्या अंतराने बारा छानक असतात. ४ पासून पुढील छानकांस सुमारे दुप्पट प्रकाशन द्यावे लागते. नवशिके हे हटकून विसरतात. निगेटिव्हमध्ये जो तपशील उतरलेलाच नाही, तो मात्र कोणत्याही छानकाने मिळत नाही.

चलच्चित्रांच्या मुद्रणात ही सोय नाही. तेथे विरोध फिल्मच्या जातीवर आणि विकासनाच्या कालावर ठरतो, आणि प्रतीवरून प्रत काढताना तो काटेकोरपणे सांभाळला नाही, तर छायेतील तपशील पिढीगणिक बुजत जातो. म्हणून मूळ निगेटिव्हचे मोल फार. १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यास आलेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली; १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. इन्स्टिट्यूटच्या आवारातील संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठारास ८ जानेवारी २००३ रोजी आग लागून प्रभातसह अनेक जुन्या चित्रसंस्थांच्या फिल्म जळाल्या. ज्या चित्रपटांचे मूळ असे गेले, त्यांचे पुनर्मुद्रण उरलेल्या प्रतींवरूनच करावे लागते आणि त्यांतील काळवंडलेल्या छाया तशाच राहतात.