शिळेवरील मरण, शिळेवरील नाव : ष. शेट्टर यांचे इतिहाससंशोधन

बंगळूरच्या जयनगरात प्रवेश करताना जो अशोकस्तंभ लागतो तो स्वातंत्र्योत्तर काळातला आहे. अशोकाचे प्रत्यक्ष लेख कर्नाटकात अन्यत्र सापडतात. त्यांपैकी चित्रदुर्ग जिल्ह्यातील ब्रह्मगिरीच्या लेखाखाली चपड नावाच्या लेखनिकाने आपला निर्देश केला आहे. मूळ लेख ब्राह्मीत, पण ‘लिपिकर’ हा आपला व्यवसाय त्याने वायव्येकडील खरोष्ठीत कोरला. सम्राटाच्या आज्ञेकडून या लेखनिकाकडे वळणारी दृष्टी हे षडक्षरी शेट्टर (१९३५-२०२०) यांच्या इतिहासलेखनाचे मर्म होय. सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातील मंदिरावर मल्लितम्मा या शिल्पीचे नाव वारंवार आढळते. होयसळ मंदिरांचा अभ्यास करताना शेट्टरांना अशी नावे राजवंशांइतकीच मोलाची वाटली.

धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. १९९६ ते १९९९ या काळात ते भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेचे अध्यक्ष होते. मराठी अभ्यासकाने मात्र पदांपेक्षा १९८२ सालचा ‘मेमोरियल स्टोन्स’ हा ग्रंथ ध्यानात ठेवावा. त्याचे सहसंपादक गुंथर सोन्थायमर. खंडोबा-बिरोबामुळे सोन्थायमर आपल्याला जवळचे वाटतात. शेट्टर तितके वाटत नाहीत, ही उणीव आपलीच. गावाबाहेर शेंदूर फासून उभ्या असलेल्या वीरगळाचे नावच मुळी कन्नड ‘कल्लु’, म्हणजे दगड, या शब्दाशी जोडलेले आहे. गुरे सोडवताना पडलेला गडी अप्सरांसह वर जातो आणि शेवटी लिंगापुढे बसतो, ही चित्रभाषा सीमेच्या दोन्ही बाजूंस एकच आहे.

रणातल्या मरणाइतकेच शांतपणे स्वीकारलेले मरणही त्यांनी अभ्यासिले. श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर सुमारे सातव्या शतकापासून सल्लेखनेचे लेख आहेत. समोरच्या टेकडीवर गोमटेश्वराच्या पायाशी असलेली मराठी ओळ आपण भाषेच्या प्राचीनतेसाठी पुनःपुन्हा वाचतो, आणि चंद्रगिरी न चढताच परततो! शेट्टरांनी ते लेख एकेक करून वाचले. कोणी, कोणत्या आचार्यांच्या सान्निध्यात, किती दिवस उपोषण करून देह ठेवला, याची त्यांनी नोंद घेतली. ‘इनव्हायटिंग डेथ’ आणि ‘परस्यूइंग डेथ’ (१९९०) या ग्रंथांत श्रद्धेचा गौरव नाही, तिची चेष्टाही नाही. आत्महत्या की व्रत, हा आधुनिक वाद या लेखांवर लादण्यापूर्वी मरणाऱ्याच्या परंपरेचे म्हणणे ऐकावे, ही त्यांची भूमिका होती.

इंग्रजीत कीर्ती मिळाल्यावर, सत्तरीच्या उंबरठ्यावर, ते ग्रंथलेखनासाठी कन्नडकडे वळले. संगम साहित्य आणि कन्नड यांच्या संबंधांवरील ग्रंथ २००७ मध्ये आला. पुढे ‘हळगन्नड’मध्ये त्यांनी लिपी, लिपिकार व लेखनव्यवसाय यांचा मागोवा घेतला. त्या वयात साधने नव्याने तपासणे सोपे नव्हते. ऐंशी उलटल्यावर त्यांनी प्राकृत हाती घेतली. दक्षिणेत आधी कोरली गेली ती प्राकृत. संस्कृत त्यानंतर आली. महाराष्ट्रीच्या वंशजांनी त्यांच्या ‘प्राकृत जगद्वलय’ या ग्रंथाशी अजून पुरता वाद घालावयाचा आहे.